सोलापूरच्या उन्हाळ्यात ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट: डेव्हलपर आणि हायपो कोणता घ्यावा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं आणि नळाला पाणी रोज येत नाही. केमिकल निवडताना आधी हे बघा, ब्रँड नंतर.

डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र वर आणणारं रसायन, डी-७२ या नुस्ख्याचं घ्या, घरी बनतं. साधारण ५० अंशांच्या ५०० मिली पाण्यात आधी ३ ग्रॅम मेटॉल पूर्ण विरघळवा. मग ४५ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, १२ ग्रॅम हायड्रोक्विनोन, ६८ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि २ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड याच क्रमाने. एक विरघळल्याशिवाय दुसरं टाकायचं नाही. शेवटी पाणी घालून एक लिटर करा. सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. कार्बोनेटऐवजी धुण्याच्या सोड्याचे खडे वापरायचे तर १८५ ग्रॅम लागतात, पण इथल्या कोरड्या हवेत खड्यांतलं पाणी उडून त्यांची पांढरी भुकटी होते आणि वजनाचा हिशोब चुकतो. म्हणून निर्जलच बरं. खाण्याचा सोडा अजिबात चालत नाही.

वापरताना एका भागाला दोन भाग पाणी, २० अंशांना दीड मिनिट. ट्रे तिशीला गेला की चित्र भराभर वर येतं, घाबरून प्रिंट लवकर उचलला जातो आणि काळा रंग राखाडी, मळकट राहतो. अशा वेळी पाणी चार भाग करा. उकळून गाळलेलं पाणी माठात ठेवून तेच वापरलं तर गारवाही मिळतो आणि क्षारांचा गाळही कमी बसतो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. मोठ्या ट्रेमध्ये बर्फाचं पाणी ठेवून त्यात डेव्हलपरचा ट्रे बसवा. तरीही पांढऱ्या भागावर करडी झाक आली तर लिटरमागे आणखी १ ग्रॅम ब्रोमाइड. जास्त झालं तर काळ्यात हिरवट छटा येते.

स्टॉप बाथला (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणाला) किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला १५ ग्रॅम. बंद खोलीत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या वासाने डोकं धरण्यापेक्षा हे बरं.

खरा प्रश्न हायपोचा, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमधल्या सोडियम थायोसल्फेटचा. थंडीत साधा अ‍ॅसिड फिक्सर पुरतो: लिटरला २४० ग्रॅम हायपो, १० ग्रॅम सल्फाइट, आणि द्रावण गार झाल्यावर २५ ग्रॅम सोडियम बायसल्फाइट. गरम द्रावणात बायसल्फाइट पडलं तर गंधक सुटून ते दुधाळ होतं. मग फेकूनच द्यावं लागतं. उन्हाळ्यात मात्र कागदावरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतं, चिमट्याचे ओरखडे उठतात, कडा सुटतात. तेव्हा तुरटीचा फिक्सर हवा: २४० ग्रॅम हायपो, १५ ग्रॅम सल्फाइट, २८ टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४८ मिली, ७.५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड, शेवटी १५ ग्रॅम तुरटी. अ‍ॅसिडच्या आधी तुरटी टाकली की पांढरा साका बसतो. तुरटीमुळे प्रिंट धुवायला जास्त वेळ लागतो, हा तोटा आहेच.

पाण्याची टंचाई असेल तर आरसी पेपर (प्लास्टिकचा थर असलेला फोटो पेपर) घ्या. दोन ते चार मिनिटांत धुऊन होतो. फायबरला (असा थर नसलेल्या पेपरला) वाहत्या पाण्यात तासभर लागतो. दोन टक्के सल्फाइटच्या द्रावणात आधी दहा मिनिटं ठेवला तर वीस मिनिटांत भागतं.