सरकारी किंवा अनुदानित कॉलेजचा दर्जा स्वतः कसा तपासावा

प्रवेशाच्या दिवसांत ‘कुठलं कॉलेज चांगलं?’ असं विचारलं की ‘नॅकची ग्रेड बघा’ किंवा ‘रँकिंग बघा’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून ग्रेड देणारी राष्ट्रीय संस्था.) एवढ्यावर मुलाची तीन-चार वर्षं लावू नका. आत आलेल्या मुलांचं कॉलेजनं पुढे काय केलं, ते शोधा. इमारत, लॉन आणि सत्काराचे फोटो याला मी एकही गुण देत नाही.

आधी कागद जमवा. कॉलेजच्या संकेतस्थळावरून नॅकचा स्वयं-अध्ययन अहवाल (एसएसआर), ताजा वार्षिक अहवाल (एक्यूएआर) आणि एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठ रँकिंगला) भरून दिलेली माहिती उतरवून घ्या.

मग ग्रेडची तारीख बघा. नॅकची ग्रेड साधारण पाच वर्षं टिकते, फलक मात्र त्यानंतरही टांगलेला असतो. ग्रेडशीटवर सात निकषांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. त्यातला दुसरा (अध्यापन, अध्ययन, मूल्यमापन) आणि पाचवा (विद्यार्थ्यांना साहाय्य आणि त्यांची प्रगती) वाचा. या दोन्हींत मागे असलेलं कॉलेज एकूण सीजीपीएच्या (सगळ्या निकषांच्या सरासरी गुणांच्या) जोरावर पुढे दिसत असेल, तर मी त्याला पुढे मानत नाही.

आता निकाल. इथे भलेभले फसतात, आणि मलाही हा आकडा नीट वाचायला बराच काळ लागला. कॉलेज सांगतं तो ‘९० टक्के निकाल’ शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्या मुलांचा असतो. एफवायला गळालेली, एसवायला एटीकेटीत अडकून कॉलेज सोडून गेलेली मुलं त्या टक्केवारीत कुठेच नसतात. जितकी गळती जास्त, तितका शेवटचा निकाल देखणा. म्हणून निकालाची टक्केवारी बाजूला ठेवा आणि एनआयआरएफच्या माहितीतला ‘प्लेसमेंट आणि उच्च शिक्षण’ हा तक्ता उघडा. त्यात एकाच ओळीत एका बॅचची गोष्ट असते: पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या मुदतीत किती जण पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार (चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधला येणारा) किती आणि पुढच्या शिक्षणाला किती गेले.

समजा, ओळीत 480 प्रवेश आणि 190 पदवीधर आहेत. शेवटच्या वर्षाला 210 मुलं बसली असतील, तर कॉलेज 90 टक्के निकाल सांगेल आणि ते खोटंही नसेल. तुम्ही मात्र 190 ला 480 नं भागा. उत्तर येतं 40 टक्क्यांच्या आत. माझ्या लेखी कॉलेजचा निकाल तो. इंजिनिअरिंगला डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं भाजकात मिळवायला विसरू नका, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

पगाराचंही तेच. मध्यक पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. 190 पैकी 40 जणांना नोकरी लागली आणि 70 जण पुढे शिकायला गेले, तर उरलेल्या 80 जणांचं काय झालं, हे प्राचार्यांना थेट विचारा. चांगल्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांची नोंद असते आणि उत्तर मिळतं.

एका ओळीवर मत बनवू नका. तक्त्यात तीन बॅच असतात, जुनी माहिती मिळाली तर आणखी. 2020 आणि 2021 मध्ये बाहेर पडलेल्या बॅच मी तुलनेतून सरळ वगळते. कोरोनाच्या त्या परीक्षा ऑनलाइन झाल्या, त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही.

आणि कृपा करून हा आकडा कुठल्याही कॉलेजशी ताडून पाहू नका. नव्वद टक्क्यांच्या वर कटऑफ असलेल्या कॉलेजात तयार मुलंच येतात, तिथे गळती कमी असणारच. पंचेचाळीस टक्केवाल्यालाही दार उघडं ठेवणाऱ्या तालुक्याच्या कॉलेजानं निम्मी मुलं वेळेत पदवीपर्यंत नेली, तर मी त्याला वरचा नंबर देईन. तुलना त्याच विद्यापीठातल्या, त्याच शाखेच्या, साधारण तितक्याच कटऑफच्या कॉलेजांत करा. आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या मागास मुलं किती, हे त्याच माहितीत वर दिलेलं असतं. तेही जुळतंय का बघा. इतकी काळजी घेऊनही एखादं कॉलेज शेजारच्यांपेक्षा खूप मागे पडलं, तर ‘आमच्याकडे मुलंच अशी येतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

रँकिंगबद्दल थोडक्यात. एनआयआरएफच्या विद्यापीठ यादीत 30 टक्के भार संशोधनाला आणि 10 टक्के लोकांच्या मनातल्या प्रतिमेला आहे. बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला त्याचा फारसा उपयोग नाही.

शिक्षकांच्या यादीत नियमित किती आणि कंत्राटी किती, ते मोजा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण वर्षागणिक माणूस बदलला की अडलेल्या मुलाला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. गळतीचं कारण बऱ्याचदा मला इथेच सापडतं.

संकेतस्थळावर आकडे नसतील, तर जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘निकाल द्या’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक वर्षी प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेले विद्यार्थी, त्यांपैकी द्वितीय वर्षाला गेलेले, तृतीय वर्षाला गेलेले आणि वेळेत उत्तीर्ण झालेले, शाखानिहाय’ असं लिहा, आणि सोबत मंजूर व रिक्त पदांची संख्या मागा.