गाइड आरएनएचे ऑलिगो मागवण्यापूर्वी

क्रिस्परचा, म्हणजे डीएनए हव्या जागी कापण्याच्या तंत्राचा, पहिला प्रयोग बरेचदा ऑलिगो (गाइडसाठी बनवून घेतलेले डीएनएचे छोटे तुकडे) मागवतानाच फसतो. लक्ष्याच्या वीस अक्षरांपुढचे पॅम नावाचे तीन अक्षरांचे चिन्ह, म्हणजे एनजीजी (एन म्हणजे कोणतेही अक्षर), तेही ऑलिगोत घातले जाते. ते का घालायचे नाही, हे जिवाणूकडूनच समजून घ्यावे. विषाणूच्या डीएनएचा तुकडा तो आपल्या क्रिस्पर रांगेत साठवतो, पण पॅम बाहेर ठेवून. डीएनए कापणारे कॅस९ हे एन्झाइम आधी पॅम शोधते, मगच गाइड, म्हणजे कुठे कापायचे ते दाखवणारा आरएनए, जुळवून बघते. रांगेतल्या तुकड्याशेजारी पॅम नसते, म्हणून जिवाणूचा स्वतःचा डीएनए शाबूत राहतो. योगर्टच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसमध्ये ही प्रतिकारशक्ती २००७ साली प्रयोगाने सिद्ध झाली. तुमच्या ऑलिगोलाही हाच नियम लागू: पॅम लक्ष्यात हवे, गाइडमध्ये नको.

गाइडमध्ये जी आणि सी या अक्षरांचे मिळून प्रमाण ४० ते ६० टक्के ठेवा. सलग चार टी टाळा, नाहीतर यू६ प्रमोटर या डीएनएच्या भागापासून सुरू झालेले गाइड आरएनएचे लेखन तिथेच थांबते. संगणकावरचा जनुकक्रम संदर्भापुरता असतो. आपल्या पेशींतला तो भाग आधी सिक्वेन्स करून, म्हणजे त्याची अक्षरे वाचून, घ्या. पॅममधला एक जी जरी बदललेला निघाला, तरी सगळी मेहनत वाया जाते.

कॅस९ आणि गाइड पेशीत नेणाऱ्या पीएक्स४५९ या प्लाझमिडसाठी (गोल डीएनएसाठी) वरच्या ऑलिगोच्या सुरुवातीला सीएसीसीजी जोडा. खालच्या ऑलिगोत एएएसी, मग वीस अक्षरांचा उलटा पूरक क्रम आणि शेवटी सी.

दोन्ही ऑलिगो एकमेकांशी जुळवण्यासाठी: १०० मायक्रोमोलरचे दोन्ही ऑलिगो प्रत्येकी १ मायक्रोलिटर, लायगेज (डीएनए जोडणारे एन्झाइम) याचा दहापट बफर १, पीएनके (टोकांना फॉस्फेट लावणारे एन्झाइम) १, पाणी ६. हे मिश्रण ३७ अंशांवर ३० मिनिटे, ९५ वर ५ मिनिटे, मग मिनिटाला ५ अंश या गतीने २५ पर्यंत उतरवा. दोनशेपट पातळ करून वापरा. पीएनकेचा स्वतंत्र बफर घेऊ नका, त्यात फॉस्फेट पुरवणारा एटीपी नसतो. लायगेज बफरही वारंवार वितळवला की त्यातला एटीपी मरतो, म्हणून छोटे भाग करून गोठवा.

प्लाझमिड कापणारे साधे बीबीएस-वन हे एन्झाइम उणे ८० अंशांतच टिकते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो; पाषाणहून गणेशखिंडीला एन्झाइम न्यायचे तर दुचाकीच्या डिकीतली बर्फाची पिशवी पुरत नाही, थर्माकोलच्या पेटीत कोरडा बर्फच हवा.

कापलेल्या प्लाझमिडमध्ये ऑलिगो जोडताना (लायगेशन), ऑलिगोविना केलेल्या लायगेशनची प्लेट सोबत ठेवाच. तिच्यावरही तितक्याच वसाहती उगवल्या, तर प्लाझमिड नीट कापलेले नाही. एरवी दोन-तीन वसाहती यू६ प्रायमरने सिक्वेन्स केल्या की पुरे.