टायरची चमक टिकवायची तर आधी तपकिरी थर काढा

टायरवरचा तपकिरी थर म्हणजे नुसता चिखल नव्हे. रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेली द्रव्यं पृष्ठभागावर येऊन हवेने तपकिरी होतात, त्यावर मुंबईची धूळ बसते. अशा टायरवर ड्रेसिंग, म्हणजे टायरला चमक देणारं द्रव्य, धरतच नाही. टायर क्लीनर मारून कडक ब्रशने घासा. फेस चहाच्या रंगाचा निघतोय तोवर थांबू नका, अक्षरांच्या खाचाही सोडू नका. धुऊन पूर्ण वाळवा, पावसाळ्यात जरा जास्तच वेळ द्या. मग वॉटर-बेस्ड ड्रेसिंग स्पंजने पातळ लावा, तेही फक्त बाजूला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर अजिबात नको, गाडी घसरेल. 10-15 मिनिटांनी जादाचं पुसा, नाहीतर मडगार्डवर शिंतोडे उडतात. सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांनाही सांगून ठेवा, चमकेसाठी डिझेल लावायचं नाही. त्याने रबर फुगून खराब होतं.