भुताटकीचे आणि गमतीचे संगीत वाजवताना विद्यार्थी वाद्यवृंदांनी या चुका टाळाव्यात

अमेरिकेतील शाळांमध्ये हॅलोवीन या भुताखेतांच्या सोंगांच्या सणाच्या सुमारास होणाऱ्या कार्यक्रमांत विद्यार्थ्यांचे वाद्यवृंद भीतीदायक आणि विनोदी रचना हौसेने वाजवतात. परंतु वाजवणारेच घाबरण्याचा किंवा हसण्याचा अभिनय करू लागले, की श्रोत्यांच्या वाट्याला काही उरत नाही, कारण या रचनांमधील भीती आणि गंमत दोन्ही नेमक्या वादनातून येतात.

नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याची ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ ही रचना नाटककार इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ या नाटकासोबत १८७६ मध्ये रंगभूमीवर आली. चेलो, डबल बेस ही खर्जातली तंतुवाद्ये आणि बसून हे खर्जातले फुंकवाद्य यांच्या दबक्या स्वरांत सुरू झालेली एकच धून पुन्हा पुन्हा येते. वाढत जातात ते लय आणि आवाज. शेवट वेगवान आहे हे ठाऊक असल्यामुळे मुले सुरुवातच घाईने आणि मोठ्याने करतात, मग मध्यावर पोहोचेपर्यंत चढायला जागा राहत नाही आणि शेवटचे पान विस्कटते. म्हणून तालीम शेवटाकडून सुरू करावी. अखेरचे पान स्वच्छ वाजेल अशी लय मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, आधी शोधावी. समजा ती मिनिटाला १६८ ठोके निघाली, तर सुरुवात ११० च्या आसपास ठेवून मधल्या टप्प्यांचे आकडे प्रत्येकाने आपल्या प्रतीवर पेन्सिलीने लिहावेत. शेवटच्या दणक्यांमधील शांतताही मोजावी लागते. मुले ती नेहमी गिळतात.

फ्रेंच संगीतकार सेंट-साँस यांच्या ‘दान्स माकाब्र’ या सांगाड्यांच्या नृत्यावरील रचनेत (१८७४) वेगळीच अडचण येते. मध्यरात्रीचे बारा ठोके हार्पवर वाजल्यानंतर जो एकल व्हायोलिनवादक पुढे येतो, त्याची सर्वांत वरची तार अर्धा स्वर उतरवून ‘ई फ्लॅट’वर लावलेली असते. सुट्या तारांचा तो ओबडधोबड, अशुभ वाटणारा आवाज बोट दाबून तसा येत नाही, त्यामुळे ही खटपट टाळू नये. मात्र रंगमंचावर जाता जाता उतरवलेली तार स्थिर राहत नाही; शक्य असल्यास दुसरे व्हायोलिन आदल्या दिवशीच त्या स्वरात लावून ठेवावे. त्या तारेवरील प्रत्येक बोट आता अर्धा स्वर खाली ऐकू येणार असल्याने, आपल्या आवृत्तीतील स्वर कसे लिहिले आहेत तेही आधी पाहून घ्यावे. झायलोफोनवर मऊ काठ्या वापरल्या, तर हाडांचा खडखडाट उशी आपटल्यासारखा लागतो.

मुखवट्यांमुळे वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात दिसत नाही आणि फुंकवाद्ये ओठांना नीट लागत नाहीत. सोंगासाठी टोप्या पुरेशा आहेत.

विनोदी रचनांमध्ये संगीतकार हायडनच्या ९४ व्या सिंफनीचा दुसरा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. लंडनमध्ये १७९२ साली प्रथम वाजलेल्या या सिंफनीत साधी धून आधी हळू आवाजात, नंतर आणखी हळू आवाजात येते आणि सोळाव्या बारमध्ये (तालाच्या आवर्तनात) संपूर्ण वाद्यवृंद अचानक गरजतो. टिंपनी हे मोठे ढोल वाजवणारा दोन बार आधीच सरसावून बसला किंवा संचालकाने दीर्घ श्वास घेऊन हात उंचावला, तर गुपित तिथेच फुटते. त्यासाठी इशारा आधीच्या मात्रांइतकाच लहान ठेवावा. तालमीत ही रचना ठाऊक नसलेल्या एखाद्या मित्राला समोर बसवावे. तो दचकण्याऐवजी आधीच हसला, तर कुणाचा तरी गज लवकर वर गेला आहे असे समजावे.