बोका घरात फवारा मारतोय? आधी फिनाइल बाजूला ठेवा

सोफ्याच्या मागे, पडद्यावर, शू-रॅकपाशी असा कुठूनतरी बोक्याच्या मुताचा तो उग्र वास यायला लागला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "मुद्दाम करतो मेला". मुद्दाम करतो हे खरंय, पण तुमच्यावर राग म्हणून नाही. त्याला पाटी लावायचीय की इथे मी राहतो, आणि पाटी लावायला त्याच्याकडे तुमचीच भिंत आहे. त्यामुळे ओरडणं, चापट मारणं, नाक नेऊन त्यात घासणं हे सगळं फुकट जातं, उलट घाबरलेलं मांजर अजून जास्त फवारे मारतं.

आधी नक्की काय चाललंय ते बघा. उभं राहून, शेपटी सरळ वर, शेपटी थरथरतेय, मागचे पाय जागच्या जागी हलतायत आणि भिंतीवर थोडासाच फवारा, तर ते मार्किंग, म्हणजे तीच पाटी लावणं. खाली बसून गादीवर नाहीतर पायपुसण्यावर तळं केलं असेल तर बहुतेक वेळा लिटर बॉक्स (शी-शूसाठी ठेवलेली वाळूची पेटी) आवडलेला नसतो किंवा लघवीचं दुखणं असतं. आणि हे इथेच सांगून टाकते, बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबसुद्धा पडत नाहीये, तर पुढचं वाचत बसू नका, उचला आणि डॉक्टरकडे न्या, रात्र असली तरी. नराची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मार्किंग म्हणजे फक्त मुतणं नाही हं. मांजराच्या गालात, हनुवटीवर, ओठांच्या कडेला, शेपटीच्या मुळाशी आणि पंजाच्या गाद्यांच्या मधे वासाच्या ग्रंथी असतात. तुम्ही बाहेरून आलात की पायाला घासतं ना, तेव्हा लाड असतातच पण सोबत बाहेरचा वास पुसून घरचा वास परत लावायचं कामही चालू असतं. दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या कोपऱ्यावर रोज गाल घासून घासून काळपट तेलकट डाग पडतो बघा, तो दिवाळीच्या साफसफाईत घासून काढू नका. जिथे मांजर गाल घासतं तिथे ते सहसा फवारा मारत नाही. सगळी युक्ती यातच आहे, फवाऱ्याचा वास पार घालवायचा आणि गालाचा वास वाढवायचा.

आता साफसफाई, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. फिनाइल नको. त्यातले फिनॉल मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर ओल्या फरशीवरून चालतं मग पंजे चाटतं, म्हणजे सगळं पोटात. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही नको, डांबर गोळ्या नकोत, टी ट्री किंवा लिंबाच्या तेलाचे डिफ्यूजर नकोत. अमोनियावाला क्लीनर तर अजिबात नको, त्याचा वास मुताच्या जवळ जाणारा, मग बोक्याला वाटतं कोणीतरी आपल्या पाटीवर पाटी लावली. (लाल पाण्याच्या बाटल्या ठेवणाऱ्यांना काय बोलायचं, मांजराला लाल रंग धड दिसतही नाही.)

पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमवाला क्लीनर मिळतो तो आणा. घरी संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम करतात ते हे नव्हे. मुतातलं युरिक अॅसिड पाण्यात जेमतेम विरघळतं म्हणून नुसतं पुसलं की दोन दिवस बरं वाटतं आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की वास परत हजर. आधी साध्या पाण्याने पुसा, मग क्लीनर चांगला भिजेपर्यंत मारा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्या, लगेच पुसू नका, आपोआप वाळू द्या. डाग सापडत नसेल तर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या आणि लाइट बंद करून भिंतीच्या खालच्या भागावर फिरवा, मूत चमकतं. भिंतीवरून ओघळून स्कर्टिंगच्या फटीत गेलेलं असतं तेच राहून जातं.

जागा कोरडी झाली की एक स्वच्छ सुती मोजा घ्या, मांजर मजेत असेल तेव्हा त्याच्या गालांवर आणि हनुवटीवर हळूच फिरवा आणि तोच मोजा त्या जागेवर मांजराच्या नाकाच्या उंचीला घासा. रोज एकदा. जबरदस्ती करायची नाही, पकडून घासलं तर काही उपयोग नाही. याच वासाची नक्कल असलेले प्लगमध्ये लावायचे डिफ्यूजर पण मिळतात, महाग असतात, काहींना फरक पडतो काहींना नाही, मी आधी मोजाच म्हणेन.

पण बोका न्यूटर केलेला नसेल, म्हणजे त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर मोजे घासून काही होणार नाही. त्याच्या मुताला जो खास वास असतो तो फेलिनिन नावाच्या द्रव्यामुळे, ते फुटून गंधकाची संयुगं तयार होतात, आणि न्यूटर न केलेल्या नरात ते सगळ्यात जास्त. ऑपरेशननंतर बहुतेक बोके फवारे मारायचं सोडतात, साधारण 10 टक्के तरी चालू ठेवतात. भाट्याही फवारा मारतात, ऑपरेशन झालेल्या मादीत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास.

तरीही चालू असेल तर कारण खिडकीबाहेर शोधा. खालच्या मजल्यावर असाल आणि गॅलरीच्या ग्रिलपाशी सोसायटीतला दुसरा बोका येऊन बसत असेल तर काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला धुरकट फिल्म लावा. चपला बंद कपाटात, कारण रस्त्यावरच्या मांजरांचा वास त्यावरूनच घरात येतो, शू-रॅकवरच फवारा का, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. लिटर बॉक्स जितकी मांजरं त्यापेक्षा एक जास्त, सगळे एका रांगेत नकोत, वाळू बिनवासाची आणि रोज उपसलेली.

सोफा ओरबाडणं हेही मार्किंगच, पंजाचा वास लागतो आणि ओरखडे दिसतात. जाड लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढा उंच, हलणारा नको, आणि तो सोफ्याच्या अगदी शेजारी ठेवा, गॅलरीच्या कोपऱ्यात कोण बघणार तो.

दोन मांजरं असतील तर अजून एक. एक डॉक्टरकडे जाऊन आलं की दुसरं त्याच्यावर फिसकारतं, अनोळखी असल्यासारखं, कारण त्याला दवाखान्याचा वास येत असतो. आलेल्याला काही तास वेगळ्या खोलीत ठेवा, दोघं झोपतात ती चादर त्याच्या अंगावरून फिरवा, आणि ती चादर त्या आठवड्यात धुवायला टाकू नका.