लग्नाचा दाखला मिळेपर्यंत दोघींनी करून ठेवायचे कागद

माझी पंचवीस वर्षं बँकेच्या काउंटरवर गेली. माणूस गेल्यावर त्याच्या खात्याचं काय होतं, हे मी रोज बघत आले. नॉमिनेशन असेल तर घरच्यांचं काम दोन फेऱ्यांत होतं. नसेल तर महिनोन् महिने कागद गोळा करत फिरावं लागतं. इतकं माहीत असूनही माझ्या स्वतःच्या घरचे कागद मी २०२१ पर्यंत केले नव्हते. तेव्हा आम्हाला दोघींना एकत्र राहून सोळा वर्षं झाली होती.

त्या वर्षी एका रात्री माझ्या जोडीदाराच्या पोटात असह्य दुखायला लागलं. रुग्णालयात नेलं, तर ऑपरेशन लगेच करावं लागेल म्हणाले. काउंटरवरच्या माणसाने मला विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" मी म्हटलं, "मैत्रीण." त्याने पेन परत घेतलं आणि म्हणाला, "घरचं कोणी असेल त्यांना बोलवा." तिचा भाऊ सांगलीहून निघाला आणि पोचला पहाटे. तोवर ती स्ट्रेचरवर, पूर्ण शुद्धीत, स्वतः सही करायला तयार, आणि मी बाहेरच्या बाकावर. ती बरी झाली. ते चार तास मात्र अजून माझ्या अंगावर आहेत.

म्हणून हे लिहिते आहे. मी 'दोघी' म्हणते, कारण माझं घर तसं आहे. दोघे असाल तरी कागद हेच.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. ते काम संसदेचं, असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्याच निकालात एक दार मात्र उघडं आहे. ट्रान्स व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल, तर तिला आत्ताच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं. तुमचं नातं त्यात बसत असेल तर आधी त्या वाटेने जा. विशेष विवाह कायद्याखाली मात्र तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. घरच्यांपासून धोका असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाशी बोला.

बाकी सगळ्यांनी मृत्युपत्रापासून सुरुवात करायची. बाकीचं महिनाभराने केलंत तरी चालेल, पण मृत्युपत्र याच आठवड्यात.

का, ते सांगते. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा लागतो आणि त्या कायद्याला तुमची जोडीदार दिसत नाही. हिंदू अविवाहित बाई गेली तर तिचं सगळं आईवडिलांकडे जातं, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. जी विधवा आहे आणि जिला मूलबाळ नाही, तिची स्वतःच्या कमाईची मिळकतसुद्धा माहेराच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आपल्यातल्या कितीतरी जणींचं आधी लग्न लावून दिलेलं असतं. वीस वर्षांपूर्वी सुटलेलं सासर तुमच्या फ्लॅटवर हक्क सांगायला येऊ शकतं, हे नीट समजून घ्या.

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलं तरी चालतं. मुद्रांक शुल्क लागत नाही. दोघींनी वेगवेगळं करा, एकत्र नको. वर नाव, वय, पत्ता. मग 'मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे' हे वाक्य. मग मिळकतीची यादी, अगदी खुलासेवार: फ्लॅट क्रमांक, खाते क्रमांक, दागिन्यांचं वजन, गावाकडच्या जमिनीत हिस्सा असेल तर गट क्रमांक. जोडीदाराचं पूर्ण नाव लिहा. 'माझी मैत्रीण' एवढ्यावर थांबू नका. आणि एक परिच्छेद असा लिहा: भावाला किंवा आईला मी का देत नाही. दोन ओळी पुरतात. मी लिहिलं होतं, 'माझ्या आजारपणात आणि रोजच्या आयुष्यात हिनेच माझा सांभाळ केला आहे, भावंडांना त्यांचा हिस्सा वडिलांच्या हयातीत मिळालेला आहे.' उद्या कोणी कोर्टात गेलं, तर तुम्ही त्यांना विसरला नव्हता, विचार करून वगळलं होतं, हे त्या दोन ओळींवरून कळतं.

दोन साक्षीदार लागतात. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं आणि तुमच्यासमोर स्वतः सही करावी. ज्यांना मिळकत जाणार त्यांना साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, कारण उद्या कोर्टात उभं राहायचं ते त्यांना. डॉक्टरांचा 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा दाखला त्याच तारखेचा जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून घ्याच. नातेवाईक भांडणार याची खात्री असलेल्या घरात नोंदणीचा फार आधार होतो.

आता घर. आमचा फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर. माझं नाव लावावं म्हणून बक्षीसपत्राची चौकशी केली. महाराष्ट्रात नवरा-बायकोने एकमेकांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. आम्हाला मात्र परक्यांसारखं बाजारभावावर टक्क्यांनी भरावं लागणार होतं. शिवाय आयकर कायद्यात जोडीदार 'नातेवाईक' नाही, त्यामुळे ५०,००० रुपयांवरच्या भेटीवर घेणाऱ्याला कर. या तरतुदीला २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत लक्षात ठेवायचं ते हे, की मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीवर हा भेटीचा कर लागत नाही. म्हणून आम्ही बक्षीसपत्र सोडून दिलं आणि मृत्युपत्र पक्कं केलं. नवीन घर घेत असाल तर खरेदीखतातच दोघींची नावं टाका आणि कोणाचे किती पैसे गेले ते लिहा. सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत द्या, एका प्रतीवर सेक्रेटरीची पोच घ्या.

इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण काउंटरवर मला तो रोज दिसायचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण ते वारसांसाठी. शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. म्हणजे नॉमिनेशनमुळे पैसे जोडीदाराच्या हातात लवकर पोचतात, आणि मृत्युपत्रामुळे ते तिच्याकडे राहतात. दोन्ही हवं.

बँकेचं काम सोपं झालं आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं, की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. त्या पत्रकाची प्रत काढून सोबत न्या. खातं 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' करा, म्हणजे एक गेली तरी दुसरीचे व्यवहार थांबत नाहीत. मुदतठेवी आणि लॉकर विसरू नका, त्यांचे नॉमिनेशन फॉर्म वेगळे भरावे लागतात.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'खातेदाराशी नाते, असल्यास'. किती वर्षं मी तो रकाना लोकांना बोटाने दाखवला: पती, पत्नी, मुलगा, सून. स्वतःचा फॉर्म भरायला बसले तेव्हा पहिल्यांदा तो 'असल्यास' हा शब्द नीट वाचला. २०२१ मध्ये मी तिथे 'मैत्रीण' लिहिलं होतं. २०२४ मध्ये ते पत्रक आलं त्याच आठवड्यात नवा फॉर्म घेतला आणि 'जोडीदार' लिहिलं. समोर माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी होती. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली. रकाना रिकामा सोडला तरी फॉर्म चालतो. पण मी म्हणेन, झेपत असेल तर लिहा. आपल्या नात्याची सरकारदरबारी नोंद व्हायला आज तेवढीच जागा आहे.

कोणी नकार दिला तर वाद घालत बसू नका. "हे मला लेखी द्या" एवढंच म्हणा आणि तिथेच उभ्या राहा. काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते, लेखी नकार द्यायला कोणीच धजावत नाही.

भविष्य निर्वाह निधीचं गणित वेगळं आहे. कुटुंब असलेल्या सभासदाला बाहेरचा नॉमिनी देता येत नाही, आणि अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात धरले जातात. नवरा-मुलं नसतील आणि आईवडील हयात नसतील किंवा तुमच्यावर अवलंबून नसतील, तर कोणालाही नेमता येतं. विम्याला मृत्युपत्राची जोड द्याच. रेशनकार्डासाठीही २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं आहे, की अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं.

पुन्हा रुग्णालयाकडे येते. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या रुग्णाची संमती ही त्याची स्वतःचीच असते. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. त्या रात्री मला हे माहीत असतं, तर "पेशंट स्वतः सही करते आहे, तिला फॉर्म द्या" एवढं तरी म्हटलं असतं. तुम्ही म्हणा.

शुद्ध नसेल तेव्हासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने हे मान्य झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत ते त्यात लिहायचं, आणि निर्णय कोणी घ्यायचा तिथे जोडीदाराचं नाव. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या, एक महापालिकेने किंवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. कुलमुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. देणाऱ्याचं भान गेलं की ते निरुपयोगी होतं. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने साध्या कागदावर सही करून कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि जे लिहिताना हात थांबतो ते: ऑगस्ट २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. नातेवाईक असतील तेव्हा काय, याचं उत्तर त्यात नाही. म्हणून मृत्युपत्रात वेगळं कलम घाला, की माझे अंत्यविधी हिने करावेत. माझ्या ओळखीतल्या एका माणसाला पंधरा वर्षांच्या जोडीदाराच्या अंत्ययात्रेत शेजाऱ्यासारखं मागून चालावं लागलं. लग्नाचा हक्क आम्ही मागतो तो वरातीसाठी नाही, या अशा दिवसांसाठी मागतो.

तरुण मुलींसाठी थोडं. घरचे डांबून ठेवतील किंवा हरवल्याची तक्रार करतील अशी भीती असेल, तर वयाचा पुरावा आणि 'मी स्वेच्छेने राहते आहे' असा सहीचा अर्ज आधीच पोलिसांना द्या, पोच ठेवा. मार्च २०२४ च्या देवू जी. नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावलं आहे, की अशा प्रकरणात त्या व्यक्तीशी न्यायाधीशांनी एकांतात बोलावं आणि तिला बदलण्यासाठी समुपदेशन लावू नये. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट यांनी या कामात वर्षानुवर्षं घातली आहेत.

सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा, मूळ प्रती घरी, झेरॉक्स विश्वासाच्या एका माणसाकडे, फोटो दोघींच्या फोनमध्ये. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपण सुटलो, म्हणून दर ६ सप्टेंबरला आम्ही चहा झाल्यावर ती फाईल उघडतो आणि एकेक पान बघतो. गेल्या वेळी दोन गोष्टी निघाल्या: एक साक्षीदार वारले होते, म्हणून तिने नवं मृत्युपत्र केलं, आणि माझ्या एका जुन्या मुदतठेवीवर अजून माझ्या आईचं नाव होतं.