प्रिंटरचा आयपी सारखा बदलतोय? राऊटरमध्येच फिक्स करून टाका

मागच्या पावसाळ्यात एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसमधून सकाळी साडेनऊला फोन आला, २० तारीख होती, म्हणजे जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, रात्रभर लाईट ये-जा करत होती आणि सकाळपासून एकाही मशीनवरून प्रिंट निघत नव्हती. तिथल्या मॅडमना मी फोनवरच म्हटलं प्रिंटरच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या नंबरला, पिंग मारून बघा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा, १९२.१६८.१.७ होता तो, तर रिप्लाय व्यवस्थित येत होता. मग नेटवर्क ठीक आहे असं धरून ड्रायव्हर काढा, परत टाका, स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) रिस्टार्ट करा, यातच दीड तास गेला. शेवटी मी स्वतः गेलो आणि प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर बघितलं तर तिथे १९२.१६८.१.१२. आणि पिंगला उत्तर देत होता तो ७ नंबर आता ऑफिसातल्या एका मुलाच्या मोबाईलकडे गेला होता.

झालं काय, तर रात्री राऊटर बंद पडून चालू झाला. घरगुती राऊटर कुठला आयपी कुणाला दिला याची यादी बऱ्याचदा फक्त मेमरीत ठेवतात, लाईट गेली की यादी गेली. सकाळी मोबाईल आधी जोडला गेला, त्याला ७ मिळाला, प्रिंटर नंतर चालू केला, त्याला १२. सगळे कॉम्प्युटर मात्र अजून ७ लाच प्रिंट पाठवतायत.

यावर बहुतेक लोक काय करतात, तर प्रिंटरमध्ये जाऊन हाताने आयपी टाकून देतात. हे करू नका असं मी मनापासून सांगतो. एकतर तो नंबर राऊटरच्या वाटपाच्या रेंजमधलाच असेल तर राऊटरला काही कळत नाही, तो तोच नंबर उद्या दुसऱ्याला देऊ शकतो आणि मग दोघांची भांडणं सुरू. दुसरं म्हणजे उद्या इंटरनेटवाला बदलला, नवीन राऊटर १९२.१६८.२९ ची सिरीज घेऊन आला, की हाताने टाकलेली प्रत्येक वस्तू तुटते आणि एकेका मशीनपाशी जाऊन बसावं लागतं. आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस, चारही गोष्टी प्रत्येक ठिकाणी.

त्यापेक्षा आयपी वाटणाऱ्यालाच सांगून ठेवायचं की हे मशीन आलं की याला हाच नंबर दे. आपोआप आयपी वाटायच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, म्हणून याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात, काही राऊटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन, काहींत स्टॅटिक लीज. ही काही राऊटर कंपन्यांची जुगाड सोय नाहीये, १९९७ सालच्या आरएफसी २१३१ या डीएचसीपीच्या अधिकृत नियमपत्रात आयपी वाटायच्या तीन पद्धती दिल्यात त्यातली ही एक.

आता करायचं कसं. आधी कागद घ्या, खरंच घ्या. आयपीच्या शेवटच्या आकड्याची माझी वाटणी अशी असते: १ राऊटर, १० ते २९ प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि टॅलीचा डेटा असलेलं मशीन, ३० ते ९९ बाकीचे डेस्कटॉप, आणि १०० ते १९९ ही डीएचसीपीची मोकळी रेंज, त्यात मोबाईल आणि येणारेजाणारे लॅपटॉप. म्हणजे नुसता नंबर बघितला तरी कळतं की ही वस्तू कुठली. काही राऊटर रेंजच्या बाहेरचा नंबर रिझर्व्हेशनमध्ये घेतच नाहीत, तिथे रेंज १० पासून सुरू करा आणि आतलाच नंबर द्या, बुक केलेला नंबर तो दुसऱ्याला देत नाही.

मग प्रत्येक मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर, गोळा करायचा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल टाकलं की फिजिकल ॲड्रेस म्हणून बारा अक्षरं दिसतात, ० ते ९ आणि ए ते एफ मधली, दोन-दोनच्या जोड्या. इथे घाई करू नका, कारण लॅपटॉपला केबलचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, आणि वर व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचीही कार्डं त्याच यादीत येतात. ज्या कार्डाखाली आत्ताचा आयपी दिसतोय तेच घ्या. प्रिंटरचा हवा असेल तर मेन्यूतून कॉन्फिगरेशन पेज छापा, त्यावर असतो. आठ आणि बी, शून्य आणि डी यात डोळे फसतात म्हणून शक्यतो राऊटरच्या क्लायंट लिस्टमधूनच कॉपी करा, पण कॉपी करण्याआधी ते मशीन तेच आहे ना हे शेवटची चार अक्षरं जुळवून बघा.

राऊटरमध्ये लॉगिन करा, लॅन किंवा डीएचसीपी सर्व्हरच्या पानावर रिझर्व्हेशन सापडेल, ॲड दाबा, मॅक टाका, आयपी टाका, नाव द्या, सेव्ह. काम राऊटरमधलं झालं पण मशीनला अजून काही माहीत नाही, त्याच्याकडे जुन्या नंबरची लीज, म्हणजे तो वापरायची ठरावीक मुदत, आहे, कुठे २ तासांची, कुठे २४ तासांची, आणि साधारण अर्धी मुदत संपल्याशिवाय ते परत विचारायलाच येत नाही. म्हणून विंडोजवर आयपीकॉन्फिगलाच स्लॅश रिलीज आणि मग स्लॅश रिन्यू, किंवा सरळ रिस्टार्ट. प्रिंटर बंद करून चालू करा. आणि ज्या मशीनवर आधी कुणी हाताने आयपी टाकून ठेवलाय तिथे सेटिंग परत ऑटोमॅटिकवर आणा, नाहीतर ते डीएचसीपीकडे फिरकणारच नाही आणि तुम्ही राऊटरला दोष देत बसाल.

शाळेची लॅब असेल, तीस-चाळीस मशीन, तर राऊटरमधल्या रिझर्व्हेशनची जागा कधीकधी संपते. तिथे मी एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून डीएनएसमास्क हे आयपी वाटणारं सॉफ्टवेअर चालवतो. त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये एका मशीनला एक ओळ: डीएचसीपी-होस्ट, इक्वल टूचं चिन्ह, मग मॅक, स्वल्पविराम, मशीनचं नाव, स्वल्पविराम, आयपी. बस. फक्त हे चालू करायच्या आधी राऊटरमधला डीएचसीपी बंद करा, एका नेटवर्कवर दोन वाटणारे झाले की ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा आयपी मशीन घेतं आणि मग काहीच भरवशाचं राहत नाही.

अडकायला होतं ते पुढच्या दोन जागी. मोबाईल आणि काही लॅपटॉप वायफायवर खरा मॅक दाखवतच नाहीत, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून बनावट मॅक हाच डीफॉल्ट आहे. ओळखायची खूण सोपी, मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक असा बनवलेला. ज्या वस्तूला फिक्स नंबर पाहिजे तिच्यावर त्या एका वायफायपुरतं हे सेटिंग बंद करा. दुसरं म्हणजे उबुंटू सर्व्हर, तो मॅकऐवजी स्वतःचा वेगळा ओळख नंबर पाठवतो, त्यामुळे विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीवर मॅक टाकून केलेलं रिझर्व्हेशन त्याला लागत नाही, आणि एकाच डिस्कवरून क्लोन केलेली दोन मशीन असतील तर दोघांची ओळख सारखी निघून एकच आयपी दोघांना जाऊ शकतो. उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, म्हणजे नेटप्लॅनच्या, फाईलमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर समोर मॅक लिहा, हा प्रश्न सुटतो.

प्रत्येक मशीनच्या मागे नंबर आणि मॅकची चिठ्ठी चिकटवा, वर पारदर्शक टेप लावा म्हणजे पुसली तरी शाई जात नाही. मदरबोर्ड किंवा लॅन कार्ड बदललं की मॅक बदलतो, त्या दिवशी चिठ्ठी आणि रिझर्व्हेशन दोन्ही बदला. राऊटरच्या सेटिंगचा बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या आणि कागदाची एक झेरॉक्स राऊटरजवळच्या कपाटाच्या दाराला आतून लावा. त्या टॅक्सवाल्या ऑफिसात आता प्रिंटर १० वर आहे, टॅलीचं मशीन ११ वर, आणि मॅडम लाईट गेल्यावर आधी तो कागद बघतात आणि मगच मला फोन करतात.